गरोदरपणाच्या फाइलमध्ये पीटीएसडीची नोंद : माझा अनुभव

मी लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी आहे. जम्मू-काश्मीरमधील नेमणुकीत एका स्फोटातील जखमींना सांभाळल्यानंतर काही महिन्यांनी मला आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, निदान झाले. उपचार पूर्ण झाले, औषधे बंद झाली आणि मुंबईला बदली झाल्यावर मला दिवस गेले.

नाव नोंदवताना मधुमेह, थायरॉइड, पूर्वीच्या शस्त्रक्रिया असे सगळे विचारले गेले. मानसिक आजाराविषयी प्रश्न नव्हता आणि मीही तो विषय काढला नाही. लष्करात ‘शेप’ या वैद्यकीय वर्गीकरणातील ‘एस’ हे अक्षर मानसिक आरोग्यासाठी असते. तिथली वरची श्रेणी मला नुकतीच परत मिळाली होती आणि श्रेणीवर पुढच्या नेमणुका अवलंबून असतात, हे गणवेशातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

गणेशोत्सवातील फटाक्यांनी स्वप्ने परतली, पण खरी अडचण तपासणीच्या टेबलावर आली. स्पिरिटचा वास, हातमोजे, रक्त यांतच माझी नोकरी चालते आणि ड्यूटीवर असताना त्याचे मला काही वाटत नसे, कारण तिथे हात कामात असतात. तेच टेबल, त्यावर मी आडवी आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात न सांगता पोटावर आला की छातीत धडधड सुरू होई आणि खोलीतील आवाज लांब जात. मग मी तपासण्या पुढे ढकलू लागले. टाळाटाळ हे या विकाराचे एक मुख्य लक्षणच आहे. पण बाळातील व्यंग पाहण्याची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत व्हावी लागते, ती आपल्या धीराची वाट पाहत नाही.

एका रात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या समुपदेशक बाईंनी मराठीतच शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या तपासणीआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, एवढेच सुचवले. त्या भेटीला गिरगावहून आई सोबत आली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले आणि विचारले, “मॅडम, मी नेमके काय केल्यावर त्रास होतो?” इतका उपयोगी प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

त्यांनी कार्डाच्या वरच लिहिले : स्पर्श करण्यापूर्वी सांगणे, हात वर करताच थांबणे, शक्यतो सकाळची पहिली वेळ. सोनोग्राफीच्या दिवशी लिंगनिदानविरोधी कायद्यानुसार भरायचा एफ फॉर्म पूर्ण झाला, आई दाराशी उभी राहिली आणि तपासणी पार पडली.

मानसोपचारतज्ज्ञांनी गेल्या महिन्यातील लक्षणांवरची २० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली आणि आघातावर केंद्रित समुपदेशन पुन्हा सुरू केले. गरज पडल्यास सर्ट्रालिन हे नैराश्यविरोधी औषध देता येईल, व्हॅल्प्रोएट हे औषध मात्र गरोदरपणात नको, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यांनीच एका अमेरिकी अभ्यासाविषयी सांगितले. तेथील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील सोळा हजारांहून अधिक प्रसूतींचा तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीपूर्वीच्या वर्षभरात ज्यांचा पीटीएसडी सक्रिय होता, त्यांच्यात आपोआप वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळली. ज्यांना तो पूर्वी होता पण त्या वर्षात नव्हता, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. तो अभ्यास अमेरिकेतील स्त्रियांचा आहे आणि त्यावरून माझे भविष्य वर्तवता येत नाही, हे मान्य. तरीही श्रेणी वाचवण्यासाठी गप्प राहण्याचा हिशेब मला तिथे फिका वाटला.

श्रेणीचे म्हणाल तर गरोदरपणात ती तात्पुरती खाली येतेच. ‘एस’चा पुनर्विचार प्रसूतीनंतर होईल. तो कसा होईल याची धाकधूक आहे आणि ती माझ्या मते रास्त आहे. जिथे खरे सांगण्याची किंमत मोजावी लागते, तिथे अधिकारी स्त्रिया पहिल्याच भेटीत बोलतील अशी अपेक्षा कुणी करू नये. निदान नोंदणीच्या कागदावर एक प्रश्न छापता येईल.

आता आठवा महिना आहे. प्रसूतिकक्षासाठीही तशीच चिठ्ठी तयार झाली आहे. भूल देण्याविषयी भूलतज्ज्ञांशी आधीच बोलणे झाले असून अंतर्गत तपासणी कोण करणार, हे त्या वेळी मला सांगितले जाईल. १८० दिवसांची रजा मंजूर आहे. बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात नैराश्यासाठीची १० प्रश्नांची एडिनबरा चाचणी ठरली आहे आणि मला सलग झोप मिळावी म्हणून रात्रीची एक पाळी आईने स्वतःकडे घेतली आहे.