बोलायला पैसे कशाला?

‘मन मोकळं करायचं तर आम्ही आहोत की! त्यासाठी परक्या माणसाला पैसे कशाला?’ मी सायकॉलॉजिस्टकडे जाते हे कळल्यावर हे मला आईने विचारलं, दोन्ही जावांनी विचारलं, आणि जानेवारीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका हळदीकुंकवाला एका काकूंनी हातावर तिळगूळ ठेवता ठेवता विचारलं. विचारण्यात माया असते, म्हणून मी हसून विषय बदलते. पण काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही सगळे आहात, हीच माझी पंचाईत होती.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं. धोक्याची खूण 26 ची. आमचं घर अकोट्याला, तळमजल्यावर. पाणी सोफ्यापर्यंत आलं, फ्रिज गेला, आईने दिलेला पाट गॅलरीत तरंगत होता. माणसं सुखरूप राहिली. घर महिन्याभरात धुऊनपुसून झालं, माझं मन मात्र ओलंच राहिलं. आभाळ भरून आलं की मोबाइल हातात. आजवा धरणात पाणी किती? काळा घोडा पुलापाशी नदी किती? बडोद्यात पावसाळ्यात सगळेच हे विचारतात, म्हणून माझं विचारणं कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मग रात्री छातीत धडधड, बोटांना मुंग्या, आता जातेच असं वाटायचं. ईसीजी, इको, टीएमटी, हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’ जणू मी ते खंडेराव मार्केटातून पावशेर मोजून आणत होते.

शेवटी मुलानेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेळ घेतली. बाई गुजराती, मी बोलणार मराठी, दोघींचं मधलं ते बडोद्याचं. मी म्हटलं, ‘घालमेल होते.’ त्यांनी कागदावर लिहिलं, ‘गभरामण’. मला वाटलं होतं, आता बालपण विचारतील. त्यांनी विचारलं, ‘घाबरलात की काय करता?’

‘विचारते.’

‘कोणाला? किती वेळा?’

मोजायला सांगितलं. जुलैतल्या एका पावसाच्या दिवशी मी ‘काही होणार नाही ना?’ हे 23 वेळा विचारलं होतं. नवऱ्याला, मुलाला, फोनवर आईला, एकदा तर दूधवाल्याला. प्रत्येकाने प्रेमाने सांगितलं, काही होणार नाही. दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा. खरूज खाजवल्यासारखं. जितकं ऐकावं तितकं मन शिकत होतं की कोणी तरी हे सांगितल्याशिवाय आपला निभाव लागत नाही.

बाईंनी ते वाक्य मला आजवर एकदाही दिलेलं नाही. मी एकदा हट्टच धरला, तेव्हा म्हणाल्या, ‘पूर येणार नाही असं मी कसं सांगू? विश्वामित्री माझं ऐकते का?’ मला रागच आला. रिक्षात रडले. हे तुमच्यापैकी कोणाला जमलं असतं का, सांगा.

ह्या पद्धतीला सीबीटी म्हणतात, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं तपासून बदलायचा उपचार. ॲरन बेक ह्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1960 च्या दशकात तिचा पाया घातला. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. पण मनाने चिंतलेलं वहीत लिहून ठेवायचं आणि चार दिवसांनी खरं झालं का ते बघायचं, हे आजीने सांगितलं नव्हतं.

एका भेटीत त्यांनी माझे हृदयाचे रिपोर्ट आधी नीट पाहिले आणि मग म्हणाल्या, ‘एक मिनिट भराभर श्वास घ्या.’ मी घेतला. बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छातीत धडधड. तेच ते! जे मी रात्र रात्र हार्ट अटॅक म्हणून उराशी धरून बसत होते, ते खुर्चीत बसल्या बसल्या तयार झालं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. आम्ही बसून राहिलो, काहीही न करता. ते आपोआप ओसरलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा मला चक्क हसू आलं.

घरच्यांनाही गृहपाठ होता. मी विचारलं की ‘काही होणार नाही’ म्हणायचं नाही, ‘वहीत लिही’ म्हणायचं. मुलाला ह्यात फारच आनंद झाला. नवऱ्याला ते निर्दयपणाचं वाटायचं, अजून वाटतं. पाण्याची पातळी सकाळी आठ आणि रात्री आठ, दोनदाच बघायची असं ठरलं.

गोळ्याही घेतल्या, मनोविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या. त्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागले आणि त्या सोडल्या त्याही त्यांच्याच सांगण्याने, हळूहळू. पैशाचं म्हणाल तर चौदा भेटींना लागले तेवढे नव्या फ्रिजलाही लागलेच असते. ज्यांना तेवढंही जड आहे त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, फोन फुकट.

पावसाची भीती गेली का? नाही. बडोद्यात राहून ती पूर्ण जावी अशी माझी अपेक्षाही नाही. परवा रात्री पत्र्यावर सर वाजली आणि दोन वाजता मी मोबाइल उचललाच. काळा घोडा, 14 फूट. शेजारी नवरा जागा होता, मला कळत होतं, आणि तो काही बोलला नाही. वहीत लिहिलं: ‘2 वाजता पाहिलं. एकदा.’ मग फोन उशीखाली न ठेवता स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.