शॉक इंडिकेटर लाल झाला होता

गोव्याच्या दाबोळी विमानतळावर जुलैत नैर्ऋत्येचा वारा धावपट्टी २६ वर उतरणाऱ्या विमानाला डावीकडून झोडपतो. वैमानिक नाक वाऱ्याकडे ठेवून येतो, टेकताना सरळ करतो आणि डावा पंख जरा दाबून धरतो. तो जास्त दबला की इंजिन जमिनीला लागतं.

त्या दिवशी लॉगबुकात नोंद फक्त हार्ड लँडिंगची होती. मी विमानाचा मेंटेनन्स इंजिनिअर. एअरबस ए३२० च्या डाव्या इंजिनाखाली मी गुडघ्यांवर बसलो. फॅन काउलचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या झाकणाचे, लॅच अगदी तळाला असतात. त्यांच्या कडा घासून आरशासारख्या चकाकत होत्या, आणि बोटाला तेल लागलं. या इंजिनाचा, सीएफएम५६-५बी चा, तेलाने भरलेला गिअरबॉक्स नेमका त्यांच्या वर बसतो. (बोइंग ७३७ वर जमीन जवळ म्हणून तो बाजूला सरकवलाय.) गिअरबॉक्सच्या कवचाला केसाएवढी भेग होती. इंजिन बदलायचं ठरलं.

स्पेअर इंजिन मुंबईत. जम्बोला पाचवं इंजिन पंखाखाली टांगून नेता यायचं. जानेवारी २०१६ मध्ये क्वांटासने सिडनीहून जोहान्सबर्गला तसं नेलं होतं. आमच्या वाट्याला ट्रेलर. चालत्या इंजिनात बेअरिंगं तेलाच्या पातळ थरावर फिरतात, पण उभ्या इंजिनात रोटरचा भार खालच्या मोजक्या रोलरांवरच असतो. ट्रेलर आदळला की रेसला, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्याला, बारीक खळगे पडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून एअर सस्पेन्शन, रबरी माउंटचा स्टँड आणि पुणे-कोल्हापूरमार्गेच आणा असं मी लिहून दिलं होतं.

आणलं कोकणातून. पावसाळ्यातल्या त्या महामार्गाबद्दल मराठी माणसाला काय सांगायचं! इंजिनाभोवतीच्या पिशवीतलं आर्द्रतेचं कार्ड निळं, म्हणजे ओल शिरलेली नव्हती. पण स्टँडवरचा शॉक इंडिकेटर, जोराचा धक्का बसला की रंग बदलणारा, लाल.

"अरे, विमान चार दिवस उभं आहे. रंग काय बघत बसलायस?" फोनवर साहेब.

"सर, हे इंजिन बसवायला मी सही करणार नाही."

इंजिन परत गेलं. दुसरं यायला आणखी पाच दिवस लागले. शॉपमध्ये बेअरिंगं उघडली, स्वच्छ निघाली. साहेब अजून ते ऐकवतात. तरी लाल इंडिकेटरवर सही मी आजही करणार नाही.

मला मात्र राहून राहून ड्रायव्हर आठवतो. कोणी न विचारता त्याने सांगितलं होतं, "वडखळजवळ एकदा जोरात बसला, साहेब." आत काय आहे, कसं बसवलंय, हे ट्रान्सपोर्टरने त्याला सांगितलंच नव्हतं. मी बेअरिंगचं समजावलं. तो बराच वेळ स्टँडकडे बघत राहिला.

"हे आधी कळलं असतं तर पळस्प्यालाच पुण्याकडे वळलो असतो की."