न आलेला १ जून

तवसाळच्या जेटीवर पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे जयगडला बांधून ठेवली होती. वारा पिसाटला होता, शास्त्री नदीच्या खाडीत लाटा उठत होत्या आणि तिकिटवाला प्रत्येक गाडीपाशी येऊन एकच सांगत होता, "जोर उतरला की सोडतील." पुणे, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर सगळं सुरळीत झालं होतं, आणि अडकलो ते शेवटच्या एवढ्याशा पाण्यापाशी. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आलेली, त्यामुळे मागे गाड्यांची ही रांग. दोन गाड्यांची दारं सताड उघडी आणि आत गाणी ठणाणत होती. समोर एवढी खाडी गरजतेय, ती तरी ऐका, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. दीड तास गेला.

सासूबाई मात्र काचेतून बाहेर बघत बसल्या होत्या. खाडीच्या तोंडाबाहेर, पावसाच्या पडद्याआड एक मोठं जहाज नांगरून होतं. "कुठलं गं असेल हे?" त्यांनी विचारलं. मुलगा बोटीवर गेल्यापासून दिसेल त्या जहाजाबद्दल त्या हे विचारतात, मग ते गेटवेसमोर असो की टीव्हीवर.

माझा नवरा सेकंड इंजिनिअर आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो घरी यायचा होता. २१ ऑगस्टला त्याला चाळीस पूर्ण होणार होती, आणि लग्नानंतरचा हा पहिला वाढदिवस घरी होईल म्हणून मी हॉलसुद्धा बघून ठेवला होता. पण लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून त्याच्या कंपनीने सुएझ सोडलं होतं. युरोपातून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून पूर्वेला जायचं. दहा-बारा दिवस वाढायचे आणि पुढचं सगळं वेळापत्रक कोसळायचं. ऑफिसातून उत्तर आलं, "रिलीव्हर पुढच्या पोर्टला." रिलीव्हर म्हणजे त्याच्या जागी चढणारा बदली माणूस. २०२० मध्येही हेच शब्द होते. तेव्हा कोविडमुळे जगभर चारेक लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते, त्यातला एक आमचा. जानेवारीत सहा महिन्यांसाठी गेलेला माणूस डिसेंबरात परत आला आणि लेकाचा पहिला वाढदिवस त्याने मोबाइलच्या अडखळत्या चित्रात पाहिला. तेव्हापासून "पुढच्या पोर्टला" हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

त्यामुळे मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी फार उत्साहाने निघाले होते असं नाही. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. जयगडजवळच्या एका वाडीत राहतात. १९६३ साली डेकवर खलाशी म्हणून चढले आणि २००१ साली सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून उतरले. माझा नवरा समुद्रावर गेला तो त्यांच्या गोष्टी ऐकून. मनातल्या मनात मी त्यांच्यावर त्याचाही राग धरून होते.

समारंभ छान झाला. चिऱ्याचं घर, बाहेर धो धो पाऊस, माजघरात धूर आणि नारळीभाताचा वास. मामांचा जन्म नारळी पौर्णिमेचा, म्हणून मुहूर्तही तोच धरलेला. गुरुजींनी हिशेब सांगितला, की हजार पौर्णिमा ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिन्यांत भरतात, त्यामुळे एक्याऐंशी पूर्ण झालेल्या माणसाने हजार चंद्र पाहिलेच. मामा पाटावरूनच म्हणाले, "त्यातले साडेतीनशे तरी पाण्यावर बघितले, गुरुजी."

संध्याकाळी सगळे जेटीवर नारळ अर्पण करून आले. माणसं पांगली. ओटीवर उरले ते मामा, मोहल्ल्यातले चाचा आणि दोन-तीन शेजारी. चाचा बोटीवर कुक होते. मी चहा घेऊन गेले आणि नुसतं म्हटलं, "परवा ह्याची चाळिशी आहे, आणि तो केपच्या जवळ कुठेतरी." पुढचे तीन तास मी तिथून उठले नाही.

चाचा म्हणाले, "काळजी करू नको. कुक चांगला असला तर वाढदिवस चुकत नाही." नव्या जहाजावर चढलं की पहिल्याच दिवशी ते क्रू लिस्टवरून सगळ्यांच्या जन्मतारखा उतरवून घ्यायचे आणि कागद गॅलीत, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराला लावायचे. माणसं वीस-पंचवीस, म्हणजे महिन्याला दोन केक. एका जहाजावर मात्र जूनच्या एकाच तारखेला तिघे निघाले. तिघेही रत्नागिरीचे, तिघांचीही तारीख १ जून. परदेशी कॅप्टनला काही केल्या समजेना. त्याला काय सांगणार, की आमच्याकडे पोराला शाळेत घालताना आईबापाला तारीख ठाऊक नसायची, मग मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे? मामांचीही शाळेतली तारीख तीच.

जहाज रोल करत असताना केक कसा करायचा, हे चाचांनी हाताने दाखवलं. हाताचे पंजे त्यांनी डब्यासारखे धरले आणि डावी-उजवीकडे कलते केले. डब्यातलं पीठ एका बाजूला वाहतं आणि त्याच बाजूला फुगून भाजतं. म्हणून डबा अर्धाच भरायचा, सारखा भट्टीपाशी उभा राहून मधूनमधून फिरवायचा. शेगडीवरच्या भांड्यांना लोखंडी पट्ट्या असतात म्हणून ती जागची हलत नाहीत, पण पिठाला कोण अडवणार? "तरी एका बाजूने जाड व्हायचाच. जाड तुकडा ज्याचा वाढदिवस त्याला."

मग त्यांनी मामांकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यांच्या पन्नाशीचा केक माझ्याच हातून व्हायचा राहिला."

१९९३ सालची गोष्ट. दोघे एकाच जहाजावर. व्हँकुव्हरहून गहू भरून जपानकडे निघालेलं. त्या वाटेने जाताना जहाज उत्तरेकडे चढतं आणि त्या दिवसांत तिथे धुकं असतं, हात पुढे केला तर दिसू नये असं. पश्चिमेकडे जाताना एक-दोन दिवसांआड घड्याळ तासभर मागे घ्यायचं. असे तास साठत जातात, आणि १८० रेखांश ओलांडला की त्यांची भरपाई म्हणून कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गाळतात. पूर्वेकडे जाताना उलटं, एक तारीख दोनदा येते. कुठला दिवस गाळायचा ते कॅप्टन ठरवतो. मेसच्या फळ्यावर कागद लागला: ३१ मेनंतर २ जून.

"मी अंडी काढून ठेवलेली," चाचा म्हणाले. "कागद बघितला आणि परत ठेवली."

मामा इतका वेळ गप्प होते. आता हळूहळू बोलायला लागले. त्या रात्री धुकं होतं म्हणून पुढे टोकाला माणूस उभा करायचा होता. पोरं दमलेली, म्हणून ते स्वतः गेले. दर दोन मिनिटांनी भोंगा. भोंगा थांबला की पुन्हा कान लावायचे, समोरून दुसऱ्याचा येतो का. रेलिंग ओलं, कपडे ओले, भुवयांवर पाणी. "बारा वाजलेले मला कळले. वॉच बदलायला पोरगं आलं ना. त्याला म्हटलं, आज तारीख काय रे? तो म्हणाला, दोन." एवढं बोलून ते हसले. "अगो, पन्नास वर्षांचा मी झालोच नाय त्या जहाजावर."

"नाहीतरी तारीख मास्तरांचीच होती ना," कोणीतरी म्हणालं.

"होती. पण बोटीवर तीच आपली. तिथे नारळी पौर्णिमा कोणाला ठाऊक?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं, आणि मला एकदम गलबलून आलं. त्यांची साठी घरी झाली, गावजेवण घातलं होतं, असं सासूबाई नेहमी सांगतात. मामांच्या तोंडून त्या साठीचा एक शब्द आला नाही. एकविसावा वाढदिवस सुएझच्या कालव्यातल्या मोठ्या सरोवरात नांगर टाकून समोरच्या जहाजांची रांग जाईपर्यंत ताटकळण्यात गेला, तो त्यांना आठवतो. न आलेला पन्नासावा आठवतो.

मी इतकी वर्षं हिशेब ठेवला तो माझ्या बाजूने. डोहाळजेवणाला तो नव्हता, बारशाला नव्हता, बाबांच्या ऑपरेशनला नव्हता. स्वतःच्या वाढदिवसालाही तो स्वतःच्या माणसांत नव्हता, हे माझ्या हिशेबात कधी धरलंच नाही. त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मी सकाळी भांडले होते, गॅसच्या बिलावरून. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "कुकने केक केला होता." मी उत्तर दिलं नव्हतं. त्या केकच्या मागे चाचांसारखा कोणी डबा फिरवत उभा असेल, हे डोक्यात आलंच नाही.

मामी आतून येऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "ते दाखवा की हिला." मामांनी कपाटातून पत्र्याची पेटी आणली. आत त्यांची जुनी सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), फोटो, आणि तळाशी निळ्या एअरोग्रामची चळत. एअरोग्राम म्हणजे एकाच कागदाची घडी. आत काही घालायची परवानगी नसे, म्हणजे ना अक्षता ना राखी. मामींनी वाट काढली होती. पत्र लिहून झालं की ओल्या कुंकवाचं बोट कागदाच्या आत, खाली डाव्या कोपऱ्यात टेकवायचं आणि वाळलं की घडी घालायची. १९९३ चं पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. कुंकू विटकरी झालंय, पण बोटाच्या रेघा स्पष्ट आहेत. घडीच्या समोरच्या बाजूला त्याचाच फिकट ठसा उमटलाय. जपानच्या बंदरात एजंट टपालाची पिशवी घेऊन आला तेव्हा हे मिळालं. मामींना त्या वेळी १ जून गळाल्याचं काही माहीत नव्हतं. "मी कुठे तारखेला लावलेलं? माझं पौर्णिमेचं होतं, आगाऊ घातलेलं, पोचायला वेळ लागतो म्हणून," त्या म्हणाल्या.

दुसरा दिवस पावसात गेला. कऱ्हाटेश्वरला जाऊन आलो, एवढंच.

२१ तारखेला सकाळी उठले तर देवघरासमोर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, पाटावर एक नारळ. मामींनी माझ्याकडे निरांजन दिलं. "बाहेर असलेल्या माणसाचं असंच करतात आमच्यात. माझ्या सासूने केलं, मी केलं." मला अवघडल्यासारखं झालं. पुण्यात मी असलं काही करत नाही. लेक मात्र लगेच पाटाशेजारी मांडी घालून बसला आणि "बाबाला कुंकू कुठे लावायचं?" म्हणून नारळ निरखायला लागला. मामींनी त्याचं बोट धरून नारळाच्या डोळ्यांच्या वर टेकवलं. मी ओवाळलं. सासूबाई दाराकडे तोंड करून उभ्या होत्या.

घरात रेंज नव्हती. फोन लागला तो दुपारी, चढावरच्या देवळापाशी, पावसात छत्री धरून. नवरा म्हणाला की वळसा लांबल्यामुळे अंडी संपत आली आहेत, केक झाला नाही, कुकने शिरा केला. समुद्र इतका खवळलाय की इंजिन रूममध्ये एक हात कायम रेलिंगला. मी विचारलं, "शिरा कशात दिला?" तो गोंधळला. "वाटीत. का गं?" मी म्हटलं, सांग ना, कोणकोण होतं, काय काय बोललात. पंधरा मिनिटं तो बोलत होता. इतकं मी त्याला त्याच्या जहाजाबद्दल कधी विचारलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर चिपळूणला थांबलो. त्याच्याच जहाजावर सिंगापूरला चढणारा एक फिटर तिथला निघाला. बोटीवाल्यांच्या घरांमध्ये ही रीत आहे, जाणाऱ्याच्या हाती काहीतरी पाठवायचं. मी मेतकुटाचा पुडा आणि एक घडी घातलेला कागद दिला. कागद मी रात्री मामींच्या माजघरात बसून लिहिला होता, आणि कोपऱ्यात लेकाच्या बोटाचं कुंकू. फिटरने पुडा बॅगेत टाकला, कागद पासपोर्टच्या पाकिटात सीडीसीशेजारी ठेवला.

त्याची आई फाटकापर्यंत सोडायला आली. मुलगा पहिल्यांदाच एवढ्या लांबच्या फेरीवर निघालेला. हळूच म्हणाली, "ह्याला कार्तिकात तीस पुरी होतात. तिकडे करतात का हो काही?"

"करतात," मी म्हटलं. "कुक करतो. पण त्याच्याकडे कागदावरची तारीख असते. खरी कुठली ते ह्याला सांगायला सांगा."

"कागदावरचीच खरी आहे हो ह्याची," ती म्हणाली. "दवाखान्यात झालाय."