कुडलचा संगम आणि पलीकडचा फोन

गड्ड्याची जत्रा म्हणून सोलापूरला जायचं आणि दोन दिवसांत जत्रेला कंटाळायचं, हे माझं दरवर्षीचं. नंदीध्वजांच्या काठ्या बघून झाल्या, पाळण्यात बसून झालं, शेंगाचटणीची पाकिटं पिशवीत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याची मोटारसायकल काढली. "कुठं चाललास बे एवढ्या थंडीत?" असं तो पांघरुणातूनच म्हणाला. विजापूर रस्त्याने निघालो. वडकबाळला सीनेचा पूल ओलांडला, मंद्रूप मागे टाकलं आणि मुख्य रस्ता सोडून हत्तरसंग कुडलकडे वळलो. मामांचं शेत त्याच बाजूला, भीमेच्या काठाला आहे. ते वाटेत फाट्यावर उभेच होते. हातात फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी.

कुडलला भीमा आणि सीना भेटतात. पात्राच्या पलीकडे कर्नाटक. काठावर उभं राहिलं की मोबाइलला कळेनासं होतं आपण कुठल्या राज्यात आहोत, आणि कन्नडमध्ये स्वागताचा मेसेज येतो. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी लेख आहे: 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचेल तो विजयी होईल. मराठीतला पहिला कोरीव लेख हा की अलिबागजवळच्या आक्षीचा, यावर जाणकारांचा वाद आहे. मला त्यात पडायचं नाही. शेजारी हरिहरेश्वराच्या देवळात 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. मी तेही घाईत बघितलं. कारण येतानाच माझी नजर एका बाभळीवर अडकली होती.

बाभळीच्या फांद्यांत उसाचं पाचट, फाटलेली ठिबकची नळी आणि एक निळी चप्पल लटकत होती. माझ्या डोक्याच्या वर, हात उंच करूनही पोचणार नाही इतक्या उंचीवर.

"सप्टेंबरचं आहे ते," मामा म्हणाले. "सीनेनं दिलेलं."

सोलापूरच्या माणसाला पुराचं गणित पाठ असतं, पण ते भीमेचं. भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, पुण्याची धरणं भरतात, मग दौंडचा विसर्ग किती, उजनीत किती आलं, उजनीतून भीमेत किती सोडलं, वीर धरणातून नीरेत किती, असे क्युसेकचे आकडे पावसाळाभर गावागावांतल्या ग्रुपवर फिरतात. दौंडला आकडा वाढला की कुणालाही न विचारता नदीतल्या पाण्याच्या मोटारी वर काढायच्या, एवढं शहाणपण काठावरच्या पोरासोरांनाही आहे. सीनेकडे असं कोण बघतं? वर्षातले बरेच महिने तिच्यात गुरं चरतात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या बाजूने पाणी उतरलं, माढा-मोहोळची गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. सगळ्यांची नजर उजनीवर होती, आणि पाणी आलं दुसरीकडून.

हे ऐकताना मला नेपाळातलं रसुवा आठवलं. दिवाळीनंतर लांगटांगच्या ट्रेकला गेलो होतो. काठमांडूहून दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून स्याफ्रुबेसीला उतरलो. तिथे लांगटांग खोला भोटेकोशीला मिळते, तोही संगमच. लॉजवाल्या दीदीने चहा देता देता खिडकीतून नदी दाखवली. दगड आणि राखाडी चिखल यांचा एक रुंद पट्टा, मधून पाणी. 8 जुलै 2025 च्या पहाटे तिबेटच्या बाजूने लोंढा आला. वरच्या रसुवागढीच्या नाक्यावरचा नेपाळ-चीन जोडणारा मितेरी पूल गेला, टिमुरेच्या गोदामाच्या आवारात उभ्या असलेल्या कोऱ्या गाड्या गेल्या, माणसं गेली. "पाऊस नव्हता हो," दीदी म्हणत होती. "आकाश मोकळं होतं. पाऊस असता तर आम्ही जागे असतो." मितेरी म्हणजे विधी करून जोडलेली मैत्री, सख्ख्या भावासारखी.

काठमांडूत डोंगरांचा अभ्यास करणारं इसिमोड नावाचं केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांनी उपग्रहाची चित्रं तपासून सांगितलं की तिबेटात एका हिमनदीच्या पाठीवर बर्फावरच साचलेलं तळं फुटलं होतं. मोठ्या, नावाजलेल्या सरोवरांवर लक्ष असतं. हे तळं म्हणजे बर्फावरचं डबकं वाढत वाढत झालेलं. ते धोक्याच्या कुठल्या यादीत असणार? उष्णता वाढतेय तशी असली डबकी वाढतायत. इसिमोडच्याच 2019 च्या अहवालात आहे: जगाने तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुकुश-हिमालयातलं एक तृतीयांश हिमनद्यांचं बर्फ जाणार. म्हणजे चांगलं वागलो तरी एवढं.

हे केंद्र 1983 पासून आहे आणि आठ देशांचं आहे: अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, चीन, भूतान, बांगलादेश, म्यानमार. यादी वाचतानाच कळतं की एका टेबलाशी बसवणं किती अवघड असेल. आल्प्समध्येही देश आठच. त्यांच्याकडे 1991 मध्ये पर्वतासाठी रीतसर करार झाला. आपल्याकडे केंद्र आहे, अभ्यास आहे, बंधनकारक करार नाही.

पण निरोप वेळेवर गेला तर काय होतं, हे सतलजवर दिसलंय. 2000 च्या ऑगस्टमध्ये तिबेटातून अचानक पाणी आलं आणि हिमाचलात शंभराहून जास्त माणसं गेली. 2004 मध्ये तिबेटातच पारेछू नदीवर दरड कोसळून तळं तयार झालं, तेव्हा चीनने कळवलं. पुढच्या जूनमध्ये ते फुटलं. पूल गेले, रस्ते गेले, पण काठावरची माणसं आधीच हलवलेली होती.

हे सगळं मी मामांना सांगत होतो. ते भाकरी मोडून शेंगाचटणीला लावत होते. त्यांचं लक्ष आहे की नाही, मला कळेना. मग रातू नदीचं सांगितलं. ती नेपाळच्या महोत्तरी जिल्ह्यातून बिहारच्या सीतामढीत उतरते. तिच्यावर वरच्या अंगाला सौरऊर्जेवरचं एक साधं यंत्र लावलं आहे. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की शेजारच्या घरात भोंगा वाजतो. त्या घरातला माणूस खाली फोन करतो. नेपाळातल्या गावाला आणि बिहारातल्या गावालाही. 2017 च्या ऑगस्टच्या पुरात हा निरोप असाच सीमा ओलांडून गेला.

"फोन कुणाला करतो?" मामांनी पहिल्यांदाच विचारलं.

"खालच्या गावात एक माणूस नेमलेला असतो."

"मग बरोबर आहे. ऑफिसला केला असता तर उचलला नसता."

मामांच्या फोनमध्ये एक नंबर 'पलीकडचा' या नावाने आहे. नदीपलीकडचा शेतकरी. ओळख झाली ती भांडणातून. उन्हाळ्यात सोलापूर शहराला प्यायला म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडायचे, ते औज बंधाऱ्यात यायला बरेच दिवस लागायचे. त्या काळात काठावरच्या शेतीपंपांची वीज तोडायचे. इकडची वीज गेली, तिकडच्या मोटारी चालू, म्हणून मामा एकदा पात्र ओलांडून शिव्या द्यायला गेले होते. चहा पिऊन परत आले. आता पाणी वाढलं की दोघांपैकी ज्याला आधी दिसेल तो फोन करतो, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. बच्छावत लवादाने 1976 मध्ये कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचे वाटे ठरवून दिले. त्या वाट्यांत हा फोन कुठे बसत नाही.

"पण तो तुमच्या समोर राहतो," मी म्हटलं. "त्याला दिसेपर्यंत तुमच्याही रानात पाणी आलेलं असणार. सीनेच्या वरच्या अंगाला तुमचा कोण आहे?"

मामा थांबले. बोटाची चटणी पुसून फोनमधली नावं वर-खाली केली. मग म्हणाले, "माढ्याकडं सुमी दिलीय की." सुमी म्हणजे माझी मावसबहीण; सासर सीनेच्या काठाला. लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सुमे, यंदा पावसाळ्यात नदी चढली की मला एक मिसकॉल द्यायचा. रात्र असली तरी."

"मामा," ती म्हणाली, "पाणी आलं तेव्हा तीन दिवस लाइट नव्हती. फोन बंद पडलेला. मिसकॉल कशानं देऊ?"

मामांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्या सॅककडे बघितलं. "तुझ्याकडं ते चार्जिंगचं डबडं असतंय बघ. ते ठेवून जा. मी पोचवतो तिला."

पॉवर बँक काढून दिली. संध्याकाळी वडकबाळच्या पुलापर्यंत आलो तेव्हा माझाच फोन चार टक्क्यांवर होता.