पहिले पाणी

उपविभागीय प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करीत आहे. बाहेरच्यांना वाटते की आम्ही गावोगाव फिरून पाणी गोळा करतो. प्रत्यक्षात बाटल्या आमच्याकडे येतात, कुणीतरी भरलेल्या आणि कुणीतरी चिठ्ठी लावलेल्या, आणि आम्ही अहवालावर 'प्राप्त नमुना पिण्यास योग्य आहे' असे लिहून सही करतो. त्यातला 'प्राप्त' हा शब्द आपल्या बचावासाठी असतो, हे मला पहिल्याच वर्षी एका वरिष्ठांनी हसत हसत सांगितले होते, आणि मागच्या जुलैपर्यंत मला त्यात वावगे काही वाटले नव्हते.

त्या महिन्यात आमच्या भागातील एका लहान शहरात, उतारावरच्या एकाच आळीत, चार दिवसांत एकोणीस जणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्या शहराचे मागील सहा महिन्यांचे सर्व नमुने माझ्याच सहीने योग्य ठरलेले होते. तेथील नोंदवहीत नळातील क्लोरीन रोज ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) होते. मे महिन्यात जलशुद्धीकरण केंद्राची वीज दोन दिवस गेली होती, त्या तारखांनाही ०.५. ही चाचणी बहुतेक ठिकाणी अजून ओटीच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या, थेंबांनी होते. थेंब टाकल्याबरोबर जो पिवळा रंग दिसतो तोच मोकळ्या क्लोरीनचा. पाच मिनिटांनी पाहिले तर संयुक्त क्लोरीनही, म्हणजे इतर पदार्थांशी जोडले जाऊन जंतू मारण्यात दुबळे झालेले क्लोरीन, त्यात मिसळून रंग गडद होतो. सावकाश चहा घेऊन मग नळीकडे पाहणाऱ्याला पाणी नेहमीच उत्तम दिसते. तेथील अभियंता वाईट माणूस नव्हे, पण दोन शहरांचा कार्यभार एकट्याने वाहणाऱ्या माणसाच्या नोंदवहीवर निर्धास्त विसंबणाऱ्या व्यवस्थेला भाबडी म्हणावे की चतुर, हे मला ठरवता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट तेथे गेल्यावरच कळली. आमच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, कारण नमुन्यातील क्लोरीन त्याच क्षणी निकामी केले नाही तर ते वाटेतही जंतू मारत राहते आणि प्रयोगशाळेत पोहोचते ते नळातले पाणी नसतेच. तेथील कर्मचारी प्रत्येक बाटली भरण्यापूर्वी दोनदा स्वच्छ विसळून घेत असे. 'साहेब, घाण राहायला नको,' असे तो मला अभिमानाने म्हणाला. बाटली विसळू नये, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सांगणाऱ्यांत मीही येतो.

या वेळी मी स्वतः गेलो. आळीत दिवसाआड, पहाटे पावणेसहाला, पाऊण तास पाणी येते. पद्धत अशी की नळ दोन-तीन मिनिटे मोकळा वाहू द्यायचा, तोंड ज्योतीने तापवायचे, पुन्हा थोडे पाणी सोडायचे आणि मग बाटली भरायची. मी नळ सोडून उभा राहिलो, तेव्हा त्या घरच्या आजी म्हणाल्या, "भाऊ, चांगलं पाणी यायची वाट बघताय का? आम्ही तर पहिल्या पाण्याचेच हंडे भरतो. मागनं सगळे मोटारी लावतात, मग इकडं धारसुद्धा लागत नाही."

नळाला थेट मोटार लावण्याला बंदी आहे, आणि त्या आळीत तरी ती मोडली नाही असे घर मला दिसले नाही. पण मी थबकलो तो आजींच्या पहिल्या वाक्याने. शेजारच्या तीन घरांत मी पद्धत बाजूला ठेवून उघडताक्षणी आलेले पाणी एका बाटलीत आणि रीतसर नमुना दुसऱ्या बाटलीत घेतला. चढावरच्या दोन घरांतही तसेच केले.

पाणी बंद झाल्यावर वॉल्व्हमन मला कोपऱ्यावरच्या चेंबरजवळ घेऊन गेला. आत गुडघाभर काळे पाणी होते, शेजारच्या गटाराचे, आणि वॉल्व्ह त्यात पूर्ण बुडालेला. "थांबा, बघा," म्हणून त्याने आतल्या विटेवर पाण्याच्या रेषेशी खडूने खूण केली. खाली उतारावर वाहिनी रिकामी होत होती. दहा-बारा मिनिटांत काळे पाणी खुणेच्या चार बोटे खाली गेले. ते कुठे गेले हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. वॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे, गळती रोखणारे पॅकिंग गेलेले होते, हे तो दोन वर्षांपासून सांगत होता. कुणी लिहून घेतले नव्हते, एवढेच.

प्रयोगशाळेत चोवीस तासांनी उतारावरच्या तिन्ही पहिल्या बाटल्यांच्या सर्व नळ्या जांभळ्याच्या पिवळ्या झाल्या होत्या आणि आतल्या उलट्या छोट्या नळ्यांत वायूचे बुडबुडे अडकले होते; दोन्ही पाण्यात जंतू असल्याच्या खुणा. पुढच्या चाचणीत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, निश्चित झाला. त्याच नळांचे रीतसर नमुने अठ्ठेचाळीस तासांनीही जांभळेच होते. चढावरच्या एका घराच्या पहिल्या पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय ज्या गटात मोडतो त्या गटातले जंतू, आढळले, पण ई. कोलाय नाही; नळाचे तोंड तापवलेले नसल्याने ते तोंडावरचे असू शकतात, आणि हाच आक्षेप माझ्या संपूर्ण निष्कर्षावर घेता येतो, हे मला मान्य आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५००:२०१२ नुसार, कोणत्याही १०० मिलीलीटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. मी दोन्ही निकाल एकाच अहवालात लिहिले; फॉर्ममध्ये तशी जागा नसल्याने पहिले पाणी शेऱ्याच्या रकान्यात गेले. एका दूरध्वनीवर चार दिवसांत चेंबर उपसून पॅकिंग बदलले गेले आणि नवे रुग्णही थांबले. मात्र आठवड्याने पत्र आले की पहिला नमुना विहित पद्धतीने घेतलेला नसल्याने ग्राह्य धरता येत नाही, सबब अहवाल 'योग्य' असा सुधारून पाठवावा.

पत्रातील एकही शब्द नियमाला सोडून नाही. असे पत्र पाच वर्षांपूर्वी मीच दुसऱ्या एका शहराला पाठवले होते, त्याची स्थळप्रत माझ्या कपाटात आहे. उत्तराचा मसुदा मी तीनदा लिहिला; तिन्ही वेळा 'आळीत जे पाणी प्यायले जाते ते' या शब्दांपाशी येऊन थांबलो, कारण फॉर्मवर त्या पाण्याला नाव नाही. अहवाल अजून सुधारलेला नाही.