पायच का? माझ्या पीएचडीचा प्रश्न

न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची तर आधीची पदवीही त्याच विषयाची लागते, असं आमच्या कॉलेजात सगळे धरून चालायचे. तसं नाही. मी भंडारा जिल्ह्यातली, एमएस्सी प्राणिशास्त्रात. मेंदू आम्हाला जेमतेम एका प्रकरणापुरता होता. माझ्यासोबत प्रवेश मिळालेल्यांत कोणी भौतिकशास्त्राचं, कोणी फार्मसीचं.

माझा प्रश्न घरचाच, लाखोळी या डाळीचा. लाखांदूरकडे धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकून पेरतात. दुष्काळात गरिबाच्या पोटात महिनोन्‌महिने तीच जायची आणि काहींचे पाय कायमचे आखडायचे. आजोबांचे थोरले भाऊ त्यातले. टाचा न टेकता, गुडघ्याला गुडघा घासत, काठीवर चालायचे. डोकं मात्र तल्लख. 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, पण आमच्याकडे पेरा काही थांबला नाही. तिच्यातलं ओडॅप हे विष रचनेनं ग्लुटामेटसारखं, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या रसायनासारखं. मेंदूत ग्लुटामेट जिथे जोडलं जातं तिथेच ते जाऊन बसतं, आणि हालचालीचे हुकूम देणाऱ्या पेशी अति उत्तेजित होऊन मरतात. पण ग्लुटामेट तर मेंदूभर असतं. मग पायच का?

पीएचडीची वाट नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून गेली. सीएसआयआर-नेटचा जीवशास्त्राचा पेपर 200 गुणांचा, त्यातले 100 एकट्या भाग ‘क’चे. तिथे पाठांतर चालत नाही. आलेख बघून निष्कर्ष काढावा लागतो. मी गावीच अभ्यास केला. नेटसोबत जेजीबिल्स ही पीएचडीची प्रवेश परीक्षाही द्यावी असं मी प्रत्येकाला सांगते, कारण जीवशास्त्राच्या अनेक मोठ्या संस्था तिच्यावरून मुलाखतीला बोलावतात.

मुलाखतीत मला नेमकं तेच विचारलं: पायच का? मेंदूशास्त्रज्ञ विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांचा 1998 चा शोधनिबंध मी वाचून गेले होते. या विषामुळे उंदरांच्या मेंदूतल्या हालचालीच्या भागात आणि मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात पेशींची ऊर्जायंत्रणा बिघडते, असं त्यांनी दाखवलं होतं. मी म्हटलं, पायांकडे जाणारे तंतू सगळ्यांत लांब, त्यांना ऊर्जाही जास्त लागत असेल. तपासायचं तर लांब आणि आखूड तंतूंच्या पेशींना सारखंच विष देऊन बघावं लागेल. मग अर्धा तास त्या प्रयोगातल्या उणिवा काढण्यातच गेला. इतकी चांगली चर्चा माझ्या वाट्याला त्याआधी कधी आली नव्हती. माझ्या मते निवड तिथेच झाली.

पुढे कोर्सवर्क, आणि मग खरं काम: पॅच क्लॅम्प, म्हणजे पेशीतून वाहणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजायचं तंत्र. नेहर आणि साकमान यांना 1991 चं नोबेल मिळालं ते याच तंत्रानं लावलेल्या शोधांसाठी. उंदराच्या मेंदूचा पातळ काप क्षारांच्या द्रावणात ठेवायचा, त्यात 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचं, आणि जेमतेम एक मायक्रॉन तोंडाची काचनळी एकेका पेशीला चिकटवायची. काप काही तासच जिवंत राहतो. कित्येक महिने माझ्या हाती एकही नोंद नव्हती. पहिल्यांदा पेशीचा प्रवाह पडद्यावर उमटला तेव्हा मी रडले.

पैशाचंही सांगते, कारण घरी पहिला प्रश्न तोच असतो. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपला जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000. पण रक्कम कधी कधी महिनोन्‌महिने अडकते. थोडी शिल्लक जवळ ठेवूनच निघा. आणि बीएस्सीत असाल तर विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी आत्ताच अर्ज करा. प्रयोगशाळा आतून बघायला मिळते.