आमची वाटचाल : फारसी टायपिंगपासून तारखांच्या ताळ्यापर्यंत

दुकानाच्या पाटीवर आजही ‘फारसी-इंग्रजी-मराठी टायपिंग व डीटीपी’ असंच आहे. बिलबुक उघडलं तर मात्र टायपिंगची ओळ सगळ्यात बारकी दिसेल. पैसे येतात ते दुसऱ्याने टाइप केलेला मजकूर धुऊन देण्याचे आणि तारखा जुळवण्याचे. पुण्यात शिकायला येणारे इराणी-अफगाण विद्यार्थी, त्यांचे दाखले इंग्रजीत करणारे अनुवादक आणि जुने फारसी कागद छापणारे अभ्यासक ही आमची गिऱ्हाइकं. कामाचं स्वरूप बदलत गेलं ते कशामुळे, हे सांगायचं तर अक्षरांपासूनच सुरुवात करावी लागते.

विंडोज एक्सपीच्या काळात आमच्याकडे येणाऱ्या फायलींत ‘ये’ हे अक्षर हमखास अरबी असायचं. जुन्या विंडोज १२५६ या अक्षरसंचात पे, चे, झे, गाफ या खास फारसी अक्षरांना जागा होती, फारसी ‘ये’ला नव्हती. म्हणून टाइप व्हायचा तो अरबी ये, युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या क्रमांकयादीतला ०६४ए. फारसी ये वेगळा, ०६सीसी. अरबी कीबोर्ड वापरणाऱ्यांच्या फायलीत ‘काफ’सुद्धा अरबी (०६४३) असतो, फारसी काफ ०६ए९ आहे. शब्दाच्या शेवटी फरक डोळ्यांना कळतो, कारण अरबी येखाली दोन टिंबं असतात आणि फारसी येखाली नसतात. शब्दाच्या मध्ये दोघांचं रूप अगदी सारखं. ‘ईरान’ हा शब्दच घ्या. त्यातला ये मधोमध येतो, कागदावर काहीच चूक दिसत नाही, आणि तरी फारसी ये टाइप करून फाइलीत ‘ईरान’ शोधलं तर शून्य सापडतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. वर्डमध्ये कर्सर अक्षराच्या लगेच पुढे ठेवा, कीबोर्ड इंग्रजीवर घ्या आणि ऑल्ट धरून एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो; पुन्हा तेच दाबलं की अक्षर परत. दोन जोड्यांची फाइंड-रिप्लेस केली की काम संपलं असं वाटतं, पण आधी मजकुरात अरबी उद्धरणं आहेत का ते पाहावं लागतं. कुराणातली आयत किंवा अरबी ग्रंथाचं नाव असेल तर तिथला ये अरबीच राहिला पाहिजे. म्हणून अरबी भाग आम्ही आधी वेगळ्या रंगात काढतो, तो वगळून बदल करतो आणि मगच रंग उतरवतो.

याहून जास्त वेळ खातो तो नीमफासेले, म्हणजे अर्धी मोकळी जागा. ‘केताब’चं अनेकवचन ‘केताब-हा’. मधे पूर्ण स्पेस दिली तर ओळीच्या शेवटी शब्द तुटतो आणि ‘हा’ पुढच्या ओळीत जाऊन पडतो. स्पेसच दिली नाही तर ‘बे’ आणि ‘हे’ एकमेकांना चिकटतात. हवी असते न दिसणारी खूण २००सी, जी अक्षरं जोडू देत नाही पण शब्द एकच ठेवते. मराठी टायपिस्टला हे समजावायला वेळ लागत नाही. ‘दऱ्या’मधल्या र-साठी आपल्याकडेही अनेक वर्षं तिची जुळी बहीण २००डी घालायचे, आणि कुठल्या तरी सॉफ्टवेअरने ती पुसली की ‘दर्या’ व्हायचं.

विंडोजमध्ये ‘पर्शियन (स्टँडर्ड)’ हा कीबोर्ड घेतला की शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून नीमफासेले येतो. इराणच्या ९१४७ क्रमांकाच्या मानकातच तसं ठरलेलं आहे. वर्डमध्ये २००सी टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं तरी चालतं. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी वर्डमध्ये कंट्रोल आणि उणे चिन्हाची कळ वापरली. तिने अक्षरं सुटी दिसतात खरी, पण ती असते शब्द तोडायची ऐच्छिक खूण. ओळ नेमकी तिथे संपली की छापात हायफन उमटतं आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केलं की काटकोनासारखं चिन्ह पानभर पसरतं. अशी फाइल आली की आम्ही आधी वर्डच्या आतच त्या खुणा बदलून घेतो आणि मगच मजकूर बाहेर काढतो. ‘अदृश्य अक्षरं साफ करा’ असं बटण असलेल्या कुठल्याही साधनापासून लांब राहावं, ते नीमफासेलेही खाऊन टाकतं.

इजाफतीचा, म्हणजे दोन शब्द जोडणाऱ्या ‘-ए/-ये’चा, हम्जा (अक्षरावरची छोटी खूण) हे आणखी एक दुखणं. ‘खाने-ये’ लिहिताना ‘हे’ या अक्षरावर जो हम्जा येतो तो साध्या ‘हे’वर ०६५४ ठेवून करावा. त्यासाठी एकसंध दिसणारं ०६सी० आहे, पण युनिकोडच्या नियमांनी ते मोडलं की खाली फारसी ‘हे’ उरत नाही, ०६डी५ हे वेगळंच अक्षर उरतं. सूची लावताना हे असं उघडं पडतं. सूचीत मुळात क्रमाचाही घोळ असतो. अरबीत ‘हे’ आधी आणि ‘वाव’ नंतर, फारसीत उलट. क्रमांकांवर लावलेल्या सूचीत तर पे, चे, झे, गाफ सगळे शेवटी जाऊन बसतात.

आकड्यांचं काम आमच्याकडे गुणपत्रिकांमुळे आलं. इराणी शाळांत गुण २० पैकी असतात आणि दशांशचिन्ह बहुतेक वेळा तिरप्या रेघेने लिहितात. म्हणजे १८/७५ म्हणजे अठरा पूर्णांक पंचाहत्तर शतांश, वीसपैकी. आपल्याकडच्या नजरेला ते ७५ पैकी १८ दिसतं, म्हणजे नापास! इंग्रजी प्रतीत आम्ही ते टिंबानेच देतो आणि कमाल गुणांचा स्तंभ वेगळा घालतो. यात अपवाद करत नाही.

तिरपी रेघ आणि आडवी रेघ यांचा आणखी एक फरक आहे. फारसी ओळीत १४०३/०५/१२ लिहिलं तर क्रम टिकतो. तेच १४०३-०५-१२ लिहिलं तर पडद्यावर १२-०५-१४०३ दिसतं, फाइलीत मात्र काहीच बदललेलं नसतं. कारण असं, की फारसी अक्षरामागून येणारे आकडे अरबी आकड्यांच्या नियमाने चालतात आणि त्या नियमात आडवी रेघ आकड्यांना बांधून ठेवत नाही, तिरपी ठेवते. फोन नंबरांची तीच गत. उपाय म्हणजे आकड्याच्या आधी २००ई ही डावीकडून-उजवीकडे खूण. आणि ४, ५, ६ यांची फारसी रूपं अरबीपेक्षा वेगळी असतात, तेही प्रुफात बघायचं.

आता तारखा. इराणचं सौर हिजरी पंचांग १९२५ पासून कायद्याने चालू आहे. पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३० चे, शेवटचा एस्फंद २९ किंवा ३० चा. आपलं राष्ट्रीय शके पंचांग याच्या अगदी शेजारचं, चैत्र १ बहुधा २२ मार्चला, इराणी वर्षाचा पहिला दिवस फरवर्दीन १ बहुधा २१ ला. इसवी सन काढायला इराणी वर्षात ६२१ मिळवायचे, दय या दहाव्या महिन्याच्या दहा-अकरा तारखेनंतर ६२२. १२ मोर्दाद १३७० म्हणजे ३ ऑगस्ट १९९१.

वर्षारंभ मात्र गणिताने ठरत नाही. वसंतसंपात तेहरानच्या माध्यान्हाआधी झाला तर तोच दिवस, नाही तर पुढचा. त्यामुळे २८२० वर्षांच्या चक्रावर बेतलेले कन्व्हर्टर फसतात. त्या चक्रात १४०४ लीप येतं, खरं लीप वर्ष १४०३ होतं. कुठलंही साधन घेताना आम्ही त्याला एकच तारीख विचारतो: ३० एस्फंद १४०३. उत्तर २० मार्च २०२५ आलं तर ठेवतो. ‘अशी तारीखच नाही’ असं म्हणालं तर पूर्ण १४०४ साल एका दिवसाने चुकवणार, हे नक्की.

दाखल्यावर २५३५ ते २५३७ असलं साल दिसलं तर टायपिंगची चूक समजू नये. शाहच्या राजवटीत १९७६ मध्ये कालगणना प्राचीन इराणी सम्राट सायरसपासून धरली गेली आणि १९७८ मध्ये ती मागे घेतली. ११८० वजा केले की झालं, २५३६ म्हणजे १३५६. जुन्या अफगाण कागदांत गणना इराणसारखीच सौर हिजरी, पण महिने राशींच्या नावाचे: हमल, सौर, जौझा. मुंबईच्या पारशी मंडळींच्या फरवर्दीनचा मात्र याच्याशी गोंधळ करू नये. नाव तेच, पण त्यांचे महिने सगळे ३० दिवसांचे आणि त्यांच्यातल्या शहेनशाही पंचांगाचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं.

ऑनलाइन फॉर्म करून द्यायला लागलो तेव्हा वेळेचा हिशेबही आला. तेहरान आपल्यापेक्षा दोन तास मागे. जन्मतारीख भारतीय मध्यरात्रीची वेळ लावून साठवली की तेहरानच्या ब्राउझरात आदल्या दिवसाचे रात्रीचे दहा दिसतात. शिवाय २०२२ पर्यंत तिथे उन्हाळी वेळ होती आणि घड्याळ फरवर्दीनच्या सुरुवातीला मध्यरात्रीच पुढे सरकायचं. त्या दिवशी शून्य वाजलेच नाहीत, आणि त्या दिवशी जन्मलेल्यांचे फॉर्म अडकायचे. जन्मतारीख आम्ही नुसती तारीख म्हणूनच साठवतो, वेळ लावतच नाही.

अभ्यासकांचे जुने कागद हे सगळ्यात सावकाश चालणारं काम. तिथे तारीख चांद्र हिजरी असते, मराठी कागदांत शुहूर सन ही जुनी कालगणना, ज्यात इसवी सनासाठी ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात आणि वर्ष मृगाला बदलतं. चांद्र तारीख चंद्रदर्शनावर असल्याने गणिताची तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होते. कागदावर वार दिला असेल तर त्यावरून बसवायची. शंबे म्हणजे शनिवार, यकशंबे रविवार, दोशंबे सोमवार. ‘दो’ बघून मंगळवार लिहिणारे अनुवाद महिन्याकाठी एकदा तरी टेबलावर येतात.